गिरणीतले कान

"कान शाबूत आहेत ना?" गिरणीवाल्या तात्यांनी विचारलं.

"आहेत की," तो म्हणाला.

खोटं बोलायचं तर ते पटकन बोलावं, हे तो लहानपणीच शिकला होता. प्रश्न त्याला ऐकू आला होता, कारण दारातून आत येतानाच तो उजवी बाजू पुढे करून उभा राहिला होता आणि तात्यांना ओरडून बोलायची सवय होती. त्यांनी डावीकडून विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

तात्यांनी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले, दंड दाबला, दमा-खोकला विचारला. मग बंद गिरणीच्या दगडांवर थाप मारून म्हणाले, "हात कोणाचेही चालतात. इथे कान पाहिजेत. हे दगड बोलतात. पोटात दाणा असला की गुरगुरतात, दाणा संपला की किंचाळतात. किंचाळले की लगेच हे चाक फिरवायचं आणि दगड सैल करायचे. उशीर झाला तर दगडाला दगड लागतो, ठिणग्या उडतात, आणि मग आपण बसायचं आठवडाभर छिन्नी घेऊन दगडांना टाकी लावत. कळलं?"

"कळलं."

"मग उद्यापासून ये."

काम मिळायला त्याला कधीच अडचण आली नव्हती. अंगाने दणकट, व्यसन नाही, सांगितल्यापेक्षा अर्धा तास आधी हजर. पण काम टिकायचं नाही. चहाच्या दुकानात दोनदा चुकीचा चहा दिला आणि तिसऱ्यांदा मालकाने मागून मारलेली हाक ऐकली नाही. वीटभट्टीवर लॉरी मागे येत होती, सगळे ओरडत होते आणि हा विटा रचत होता. एकाने दंडाला धरून ओढला म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी मुकादम म्हणाला, "बाबा, तू मरशील आणि मला आत घालशील." दुधाच्या डेअरीत तर काही घडलंही नाही. तिथे फक्त सगळे म्हणायचे की हा माणूस घमेंडी आहे, बोललं तरी बघत नाही. त्यानंतर दोन वर्षं शेतातल्या मजुरीवर भागलं. शेतात कोणी फारसं बोलत नाही. पण या वर्षी पावसाने पाठ फिरवली, शेतं करपली आणि मजुरी संपली. घरी बायको होती, चार वर्षांची मुलगी होती. गिरणीचं काम गेलं तर पुढे जायला ठिकाण उरलं नव्हतं.

कान कसा गेला ते तो कोणाला सांगत नसे. आई तो लहान असतानाच गेली. बाप कामाला म्हणून दूर गेला आणि परतीची वाट विसरला. मग चुलत्याच्या घरी राहणं आलं. नऊ वर्षांचा असताना एकदा त्याने वासराचं दावं सैल बांधलं. वासरू सुटलं आणि सगळं दूध पिऊन गेलं. चुलत्याने एकच थप्पड मारली. कान पंधरा-वीस दिवस वाहत होता. चुलतीने दोनदा कोमट तेल घातलं, नंतर तिच्याही लक्षात राहिलं नाही. वाहणं थांबलं तेव्हा त्या बाजूचा आवाजही थांबला होता. उजवा कानही पुढे मंद होत गेला. मग हाक मारली की हा ओ देईना, आणि ओ देत नाही म्हणून मार. ज्या माराने कान गेला त्याच माराने तो उघडेल, असं त्या घरात सगळ्यांनाच वाटे. नाव पडलं ठोंब्या. पंधराव्या वर्षी तो त्या घरातून निघाला. कोणी हाकललं नव्हतं. हाकलणार असं त्याला चेहऱ्यांवरून दिसत होतं, म्हणून आधीच निघाला. तेव्हापासून तीच रीत झाली. कोणी जा म्हणायच्या आत निघायचं, म्हणजे निदान तो शब्द ऐकावा लागत नाही.

गिरणीतल्या पहिल्या दिवशी मात्र मौज झाली. सकाळी सहाला वीज आली, तात्यांनी खटका वर केला, मोटर घरघरली, पट्टा फिरला आणि त्या पत्र्याच्या खोलीतलं सगळं गाव एका क्षणात बहिरं झालं.

त्याने चहूकडे पाहिलं. बाकावर बसलेल्या बायका ओठ न हलवता बोलत होत्या. एकीने एक बोट वर केलं, म्हणजे बारीक दळ. दुसरीने अंगठा बोटांवर चोळून दाखवला, म्हणजे रवाळ. मूठ मिटली की थांब. तळवा हलवला की डबा नंतर न्यायला येते. भुवया उडवून कोणाच्या तरी सुनेची चुगलीही चालली होती, आणि ती त्याला शब्द न शब्द कळली. एरवी सगळं जग जे तोंडाने करतं ते इथे हातांनी आणि डोळ्यांनी होत होतं, आणि त्याचा तर वीस वर्षांचा सराव. तात्या दोनदा मान हलवून त्याच्याकडे बघून हसले. माणूस हुशार निघाला, असा त्या हसण्याचा अर्थ होता. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तो हुशार वाटला होता आणि त्याला त्याचा फार आनंद झाला.

राहिले होते ते दगड. त्यांचं गुरगुरणं नि किंचाळणं त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं. पहिले दोन दिवस तो नरसाळ्यावरून नजर हलवत नव्हता. दाणा किती खाली गेला ते सारखं वाकून बघायचा. मान दुखून आली. पण पिशवीही बांधायची, पुढचं दळणही उचलायचं, डोळे काही दोन ठिकाणी ठेवता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी उभा राहिला आणि त्याला ते सापडलं.

दगडांत दाणा असला की फरशी पायाखाली जड, संथ थरथरायची. म्हैस रवंथ करताना तिच्या पोटाला हात लावावा तशी. दाणा संपत आला की ती थरथर पातळ व्हायची, आणि संपायच्या जरा आधी तळपायाला बारीक मुंग्या यायच्या. त्या आल्या की चाकाकडे हात न्यायचा. पाठ फिरवलेली असली तरी चालायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा तात्यांनी त्याची पाठ थोपटली. त्यानंतर त्याने चप्पल दुरुस्त करून घेतली, पण ती गिरणीच्या दाराबाहेर काढून ठेवायला लागला.

"पायाला काही झालंय का?" एकदा तात्यांनी मोटर बंद झाल्यावर विचारलं.

"नाही. असंच बरं वाटतं."

"फरशी थंड असते."

"असू दे की."

घर म्हणजे एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. बायको पडवीत बसून दुकानांचं धान्य निवडून द्यायची. त्याच्या कानाबद्दल त्याने तिलाही कधी सांगितलं नव्हतं. पण लग्नानंतर आठ दिवसांतच ती जेवताना त्याच्या उजव्या बाजूला बसायला लागली, आणि अंथरूणही तिने त्याच बाजूला घातलं. दोघांत या विषयावर एक शब्द झाला नव्हता. मुलीचं वेगळंच. ती त्याच्या डाव्या कानात तोंड घालून काहीतरी सांगायची आणि तो "हो का? खरंच?" म्हणायचा. तिला वाटायचं बाबांना गुपित कळलं.

गिरणीत लागून तीन महिने झाले त्या संध्याकाळी बायकोने सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्या उजवीकडे येऊन बसली.

"तात्यांना सांगून टाका ना."

"काय?"

"काय ते तुम्हाला माहीत आहे."

त्याच्या गालावर, कानाच्या पाळीवर पीठ होतं. तिने पदराने ते पुसलं.

"सांगितलं की गेलं काम," तो म्हणाला. "पहिलाच प्रश्न त्यांनी कानाचा विचारला होता."

"चांगलं काम करताय की. मग काय बिघडतं?"

"चांगलं करतोय तोवर कोणी विचारत नाही. म्हणून तर सांगायचं नाही."

"आणि एखाद्या दिवशी चुकलं म्हणजे?"

"तोवर चार दिवस बरे गेलेले असतील."

ती सूप घेऊन पुन्हा निवडायला बसली, आणि खडे नेहमीपेक्षा जरा जोरात बाहेर फेकले.

तात्या भला माणूस. वय साठीच्या पुढे, भुवयांत कायमचं पीठ. चाळीस वर्षं तीच गिरणी. त्यांच्या काही गोष्टी मात्र त्याला गमतीच्या वाटत. मोटर बंद असतानासुद्धा ते ओरडून बोलत. मागून कोणी हाक मारली तर वळून बघत नसत. बाई काही सांगायला लागली की म्हणत, "जरा थांब, कानात पीठ गेलंय," आणि करंगळी कानात घालून हलवत. मग तिला पुन्हा सगळं सांगावं लागे. त्यांची बायको, काकू, गिरणीमागच्या घरातून हाका मारून मारून दमायची आणि शेवटी खिडकीतून त्यांच्या पाठीवर कांदा फेकायची. तो हे रोज बघत होता, पण त्यातून काही अर्थ काढावा असं त्याला सुचलं नाही. मालक माणूस, त्याला ऐकायची काय गरज? ऐकायचं ते नोकराने. चुलत्याच्या घरापासून त्याने हेच पाहिलं होतं.

थंडी पडली तशी वीज आणखी कमी झाली. सकाळचे चार तास होते, त्यांचे अडीच झाले. तेवढ्यात सगळ्या गावाचं दळण उरकायचं. डब्यांची रांग दाराबाहेर जाऊ लागली. तात्या काट्यावर उभे राहत, दगड पूर्णपणे त्याच्याकडे. एक दळण संपायच्या आत दुसरं ओतायचं, दगडाला उसंत नाही, माणसालाही नाही.

अशाच एका घाईत पाच किलोचं वजन काट्यावरून सुटलं आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. नख काळंनिळं झालं. तो ओरडला नाही, मार खातानाही तो कधी ओरडत नसे. पण तात्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यापुढे बुटांची जोडी ठेवली. काळे, जाड रबरी तळाचे, पुढे कडक टोप असलेले, कारखान्यातले लोक घालतात तसले. कोरे होते.

"घाल," तात्या ओरडले. "उद्या बोट तुटलं तर तुझी बायको मला धरेल."

तो बुटांकडे बघत राहिला. त्याला कोणी कधी कोरी वस्तू दिली नव्हती. चुलत्याकडे चुलत भावांचे जुने सदरे मिळत, आणि तेही बटणं काढून घेतलेले. नको म्हणायला हवं होतं. त्याने बूट घातले. नाडी बांधताना त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. पीठ गेलं म्हणून त्याने डोळे चोळले.

बूट घातल्याबरोबर फरशी मुकी झाली. त्याला ते लगेच कळलं. रबराच्या तळातून काही वर येईना. आता नजरेवर चालवू, असं त्याने मनाशी म्हटलं. संध्याकाळी तात्यांना सांगू की बूट गरम होतात. पण संध्याकाळी तात्यांनी विचारलं, "कसे आहेत?" आणि त्याच्या तोंडून निघालं, "एकदम छान." दोन दिवस त्याने मान मोडेपर्यंत नरसाळ्यावर डोळा ठेवून काढले.

तिसऱ्या दिवशी वीजच उशिरा आली. बाक भरला होता, डबे दाराबाहेर गेले होते. शिवणवालीचा गहू दगडांत होता. गावातल्या बायकांचे कपडे शिवणारी ही बाई जिभेनेही कात्री चालवायची. तिचं दळण बांधायला तो खाली बसला. पिशवीचं तोंड अडकलं होतं, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, पाठ नरसाळ्याकडे. दाणा संपला.

दगड किंचाळले.

बाकावरच्या सगळ्या बायकांनी एकदम कानांवर हात ठेवले. त्याने वर पाहिलं. त्याला वाटलं, आज गर्दीने डोकं उठलंय बिचाऱ्यांचं. तो समजुतीने हसला. तात्या दगडांपासून तीन हातांवर, काट्यापाशी उभे होते. त्यांनीही बायकांकडे पाहिलं आणि दोन बोटं वर करून दाखवली. आणखी दोन दळणं, मग तुमचंच. बायका हात हलवत होत्या, तोंडं उघडत होत्या, दगडांकडे बोटं दाखवत होत्या. दोघंही माना डोलावत होते, होतंय, होतंय. मग त्याच्या नाकाला जळका वास आला. तो वळला तेव्हा दगडांच्या फटीतून ठिणग्या येत होत्या आणि शिवणवाली डबे तुडवत खटक्याकडे धावत होती. तिनेच खटका खाली केला.

पट्टा थांबला. खोलीत शांतता झाली. म्हणजे झाली असावी. त्याला तसाही फारसा फरक पडत नव्हता.

शिवणवालीने पिशवीत हात घातला आणि मूठभर पीठ बाहेर काढलं. काळपट, खरखरीत, दगडाचा चुरा मिसळलेलं. ते तिने दोघांच्या मध्ये धरलं.

"दोघं उभे राहून बघत होतात!" ती त्याच्या तोंडासमोर ओरडली, त्यामुळे प्रत्येक शब्द पोचला. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, एवढं ऐकलं होतं. बहिरं दळतं हे आज बघितलं!"

कोणीतरी हसलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तात्या मटकन पोत्यांवर बसले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. 'बहिरं' हा शब्द त्याच्यासाठीच होता, असं तो धरून चालला. दुसऱ्या कोणासाठी असणार?

बायका आपापले डबे उचलून गेल्या. त्याने फरशी झाडली. मग बूट काढले, फडक्याने नीट पुसले, नाड्या आत घातल्या आणि पोत्यांशेजारी भिंतीला लावून ठेवले. आपली चप्पल घातली आणि निघाला. मागून तात्यांनी हाक मारली का? मारली असली तरी त्याला ती ऐकू येणार नव्हती, आणि त्याने वळून पाहिलं नाही.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं, पिठापासून बुटापर्यंत. ती निवडता निवडता ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला आणि पडवीत बसून राहिला. सहा वाजले. मुलगी येऊन मांडीवर बसली.

"जायचं नाही?" बायकोने विचारलं.

"कुठे?"

"येऊ नको म्हणाले का तात्या?"

"म्हणाले असतील. मला ऐकू आलं नसेल."

एरवी ती हसली असती. आज हसली नाही. त्याची चप्पल आणून तिने त्याच्या पायाशी ठेवली. "हे बघा. आजवर प्रत्येक ठिकाणी तुम्ही मनानेच ऐकलंत. चहावाल्याने येऊ नको म्हटलं होतं का? डेअरीत म्हटलं होतं का? तोंडावर कोणी म्हटलंच नाही. या वेळी समोर उभे राहा आणि कानाने ऐकून या. जा म्हणाले तर या परत. मी आहे."

"आणि खोटं बोललो त्याचं काय?"

"तेही सांगा. उजवा कान पुढे करा आणि सांगा."

तो गेला. वाटेत शेताचा बांध धरून नाहीसं व्हावं, असं दोनदा मनात आलं. पंधराव्या वर्षी गेला होता तसंच. पण मागे पडवीत मुलगी उभी होती.

गिरणीचं दार उघडं होतं. तात्यांनी वरचा दगड उतरवून खाली ठेवला होता आणि त्याच्यासमोर मांडी घालून ते टाकी-हातोडा घेऊन बसले होते. दगडाचा चेहरा काळा, गुळगुळीत झाला होता. टाकी तात्यांच्या हातातून घसरत होती. काकू दारात सुपारीएवढे डोळे करून उभी होती. त्याला बघून ती काहीतरी बोलली, मग त्याला कळलं नाही हे बघून तिने कपाळावर हात मारला.

तो तात्यांसमोर गेला, उजवी बाजू पुढे करून बसला.

"तात्या, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"काय?" तात्या म्हणाले.

"मला ऐकू येत नाही! डावा कान गेलाय. उजवा अर्धा आहे. पहिल्या दिवशी खोटं बोललो!"

तात्यांनी हातोडा खाली ठेवला. "कधीपासून?"

"काय?"

"कधीपासून ऐकू येत नाही!"

"नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून!"

"अरे देवा," तात्या म्हणाले. "मला चौथं वर्ष चाललंय. लोकांना कळू दिलं नाही. गिरणीवाल्याला दगड ऐकू येत नाही म्हटल्यावर दळण कोण टाकेल? म्हणून तर तुला ठेवला! माझे कान म्हणून ठेवला तुला!"

"काय म्हणून?"

"कान म्हणून!"

दोघांचं चार वर्षांचं आणि वीस वर्षांचं गुपित त्या सकाळी अर्ध्या गल्लीने ऐकलं. समोरचा सायकलवाला पंक्चर सोडून दारात येऊन उभा राहिला. फक्त त्या दोघांनाच ते दोनदा-दोनदा विचारावं लागत होतं. काकू पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती. "चार वर्षं घसा फोडतेय मी," ती सायकलवाल्याला म्हणाली. "वाटलं, आता घरात एक तरी ऐकणारा आला!"

तात्या मात्र हसत नव्हते. त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"थांब. मग हे चार महिने माझे दगड ऐकत होतं कोण?"

त्याने चप्पल काढली आणि उजवा पाय पुढे करून तळवा दाखवला. फाटलेला, पिठाने पांढरा झालेला. मग फरशीवर हात ठेवून दाखवलं, अशी थरथर, मग अशी, आणि मग मुंग्या. तात्यांनी सगळं नीट बघितलं. मग त्यांची नजर भिंतीला लावलेल्या बुटांकडे गेली आणि तिथेच राहिली.

"म्हणजे मीच..." ते म्हणाले आणि थांबले. "नको होते तर बोलायचं होतंस."

"कोरे होते," तो म्हणाला.

तात्यांनी मान फिरवली. मग त्यांनी हातोडा उचलून त्याच्या हातात दिला. "खोटं बोललास ते बोललास. मीही सगळ्या गावाशी खोटंच बोललोय. धर. माझा हात चालत नाही."

टाकी लावायला सहा दिवस गेले. तात्या खडूने रेघा आखून देत, मधून कडेकडे जाणाऱ्या. तो त्या रेघांवरून टाकी चालवी. दगडाचे कण गालाला टोचत. टाकी बरोबर बसली की हाताला कळे, चुकली की तेही कळे. दुपारी काकू दोघांना एकाच ताटलीत जेवण द्यायची आणि बसायची त्याच्या उजवीकडे. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी दगड बसवले. सकाळी वीज आली तेव्हा दारात चारच बायका होत्या. शिवणवाली पुढे होती. डबा कमरेवर होता, पण तो तिने खाली ठेवला नव्हता.

तात्यांनी आपल्या घरचा गहू नरसाळ्यात ओतला आणि खटका वर केला. फरशी गुरगुरली. तो अनवाणी उभा होता. तात्यांनीही चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, डोळे मिटून, भुवया आवळून. गहू खाली जात होता. त्याने तात्यांकडे बघून भुवई उडवली, कळतंय का? तात्यांनी एक पाय उचलला, दुसरा उचलला, पुन्हा टेकवला. मग डोळे उघडून नाही म्हणून मान हलवली. चाळीस वर्षं त्याच फरशीवर उभं राहून त्यांच्या टाचा दगड झाल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं, हाताने नन्ना केला, मग त्याच्या पायांकडे बोट दाखवलं आणि ते बोट तिथेच धरून ठेवलं.

तळव्याला मुंग्या आल्या. त्याने पाठ नरसाळ्याकडे करून, बायकांकडे तोंड करून, हात मागे नेला आणि चाक फिरवलं. शिवणवालीने मान उंचावून नरसाळ्यात पाहिलं. आत एकही दाणा नव्हता, आणि दगड किंचाळले नव्हते. ती थोडा वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिली. मग तिने कमरेवरचा डबा खाली ठेवला आणि एक बोट वर केलं. बारीक.

काम संपल्यावर तात्यांनी ते बूट उचलून त्याच्या हातात दिले. "येता-जाता घाल," ते त्याच्या उजव्या कानाशी येऊन ओरडले. "आत मात्र नाही."

त्याने ते घालून घर गाठलं. मुलीने बूट पाहिले आणि दोन्ही पाय त्यांत घालून पडवीभर धपधप फिरली. बूट बघूनच बायकोला कळलं, आणि ती सूप तिथेच टाकून आत जाऊन थोडा वेळ रडली.

आता वीज कधीही येवो, दळण घेऊन आलेली बाई आधी आत डोकावत नाही. ती दाराबाहेर बघते. तिथे चपलांच्या ओळीत काळ्या बुटांची जोडी असली की डबा खाली ठेवते.